एक गणिताचे प्राध्यापक... आणि कुणीच न विचारलेले प्रश्न!

'कर्वे' म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना एकच नाव आठवतं. महर्षी धोंडो केशव कर्वे! भारतरत्न, महिला विद्यापीठाचे संस्थापक, विधवांचे कैवारी. शाळेत त्यांच्यावर धडा असतो, निबंध असतो, जयंतीला भाषण असतं. पण महर्षींना एक मोठा मुलगाही होता आणि त्याने केलेलं काम बापाच्या कामाइतकंच मोठं होतं, हे मात्र कुठल्याच धड्यात येत नाही. का येत नाही? कारण त्या मुलाने ज्या विषयावर आयुष्य घालवलं, तो विषय आजसुद्धा वर्गात निघाला की मागच्या बाकांवर खसखस पिकते आणि पुढच्या बाकांवर माना खाली जातात. विषय होता लैंगिक आरोग्य. आणि हा माणूस म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे, अर्थात र. धों. कर्वे.

आपल्याला जवळचं वाटावं म्हणून आधीच सांगते. हे गृहस्थ डॉक्टर नव्हते, वकील नव्हते, पुढारीही नव्हते. ते होते गणिताचे प्राध्यापक! म्हणजे एम-वन, एम-टू, एम-थ्री घेणाऱ्या आपल्या सरांच्या जातकुळीतले.

रघुनाथचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, गाव कोकणातलं मुरूड. वडील धोंडोपंत पोटापाण्यासाठी मुंबईत शिकवण्या करायचे. रघुनाथ नऊ वर्षांचा असताना, १८९१ मध्ये त्याची आई राधाबाई बाळंतपणात गेली. तिचं वय होतं अवघं सत्तावीस. त्या काळी हे काही वेगळं नव्हतं. लहान वयात लग्न, एकामागून एक बाळंतपणं, आणि त्यातलंच एखादं शेवटचं. योगायोग बघा, त्याच १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारावर आलं. दहावरून बारा! एवढ्यावरसुद्धा पुण्यामुंबईत केवढा गदारोळ झाला होता.

त्याच वर्षी वडील पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले. १८९३ मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. त्याच पुढे आनंदीबाई, म्हणजे 'बाया' कर्वे झाल्या. मुरूडच्या लोकांनी या लग्नावरून कर्वे कुटुंबाला वाळीत टाकलं. म्हणजे समाजाच्या विरोधात गेलं की काय होतं, हे रघुनाथने अकराव्या वर्षीच घरात बसून पाहिलं. १८९६ मध्ये वडिलांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि १९०० मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याला, एका झोपडीत गेला.

इथे जरा थांबू या. कारण 'अनाथ बालिका' आणि 'लैंगिक शिक्षण' हे दोन शब्द एकत्र का आणायचे, ते समजल्याशिवाय रघुनाथरावांचं काम समजणार नाही.

त्या काळची बालविधवा म्हणजे कोण? बारा-चौदा वर्षांची मुलगी. नवरा गेला, माहेर परकं झालं, सासरी तुकड्याला मोताद. तिला शरीराबद्दल कुणी काहीच सांगितलेलं नसायचं. घरातल्याच एखाद्या पुरुषाने गैरफायदा घेतला आणि दिवस गेले, तर तिच्यापुढे विहीर किंवा बाळाचा जीव घेणं, एवढाच रस्ता उरायचा. म्हणून तर महात्मा फुले आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि पुढे अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला. फुल्यांनी त्या मुलींना निवारा दिला. महर्षी कर्व्यांनी शिक्षण दिलं, पायावर उभं केलं. पण मुळात ही वेळ येते का, ती टाळता येते का, आणि ती टाळण्याची माहिती त्या मुलीला द्यायची कुणी? हा प्रश्न शिल्लकच होता. तो महर्षींच्या मुलाने उचलला.

रघुनाथ अतिशय हुशार. १८९९ च्या मॅट्रिकला तो पहिला आला. फर्ग्युसनमधून बी.ए. झाला आणि वडिलांसारखाच गणिताचा शिक्षक झाला. मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज, धारवाडचं कर्नाटक कॉलेज अशा नोकऱ्या झाल्या. १९१९ मध्ये ते गणिताच्या पुढच्या अभ्यासासाठी पॅरिसला गेले. युरोपात तेव्हा संततिनियमन, गुप्तरोग, लैंगिक विज्ञान यांवर उघडपणे पुस्तकं निघत होती. गणिताच्या माणसाला एक सवय असते, कारण आणि परिणाम यांची साखळी शोधायची. बायका बाळंतपणात मरतात, कारण बाळंतपणं फार होतात. ती फार होतात, कारण ती थांबवता येतात हेच कुणाला माहीत नाही. आणि ते माहीत नाही, कारण त्यावर बोलणं पाप मानलं जातं. मग सुरुवात कुठून करायची? अर्थातच बोलण्यापासून!

परत आल्यावर ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात प्राध्यापक झाले आणि १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. भारतातलं ते पहिलं समजलं जातं. १९२१ हे साल लक्षात ठेवा, कारण लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंनी आपलं प्रसिद्ध क्लिनिक काढलं तेही त्याच वर्षी. अमेरिकेत मार्गारेट सँगर यांनी १९१६ मध्ये क्लिनिक उघडलं, तर पोलिसांनी ते काही दिवसांतच बंद पाडलं होतं. म्हणजे या बाबतीत आपण जगाच्या मागे नव्हतो, बरोबरीने होतो! नंतर मागे का पडलो, हा वेगळा विषय आहे, त्यावर येतेच.

१९२३ मध्ये त्यांची 'संततिनियमन' आणि 'गुप्तरोगांपासून बचाव' ही पुस्तकं आली. पेनिसिलिन बाजारात यायला तेव्हा अजून वीस वर्षं होती. गरमी-परम्यासारखे रोग झाले की उपचार लांबलचक, त्रासदायक आणि महाग असायचे. त्यात रोग लपवण्याकडेच कल. नवऱ्याकडून बायकोला, बायकोकडून पोटातल्या बाळाला. अशा वेळी रोग होऊ न देणं हाच खरा इलाज होता आणि त्यासाठी माहिती लागत होती, तीही साध्या मराठीत.

विल्सन कॉलेज मिशनरी मंडळींचं. एका प्राध्यापकाने असं काही लिहावं-बोलावं हे व्यवस्थापनाला मानवलं नाही. १९२५ मध्ये त्यांना राजीनामा द्यायला सांगण्यात आलं. हे काम सोडलं असतं तर नोकरी राहिली असती. त्यांनी नोकरी सोडली! आपल्याकडे प्लेसमेंटला एक ऑफर हुकली तर आठवडाभर मेसमध्ये जेवण जात नाही. इथे चाळिशी ओलांडलेल्या माणसाने हातातली प्रोफेसरकी एका तत्त्वासाठी घालवली.

घरी साथ होती पत्नी मालतीबाईंची. आपण जे जगाला सांगतो ते आधी आपण करायला हवं, या हिशेबाने दोघांनी मूल होऊ न देण्याचा निर्णय घेतला आणि त्यासाठीची शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी स्वतःवर करून घेतली. आजही आपल्याकडे कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनसाठी बायकोलाच पुढे केलं जातं. पुरुषाचं ऑपरेशन सोपं आणि कमी धोक्याचं असूनसुद्धा! तेव्हा शंभर वर्षांपूर्वीच्या या निर्णयाचं मोल आपणच ठरवावं.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढलं. लेखक तेच, संपादक तेच, व्यवस्थापकही तेच. पैशाची कायम ओढाताण. मुखपृष्ठावर स्त्रीचं विवस्त्र चित्र असायचं. शरीर ही लपवण्याची, लाजण्याची गोष्ट नाही, हे ठासून सांगण्यासाठी ते होतं. लोकांनी अर्थातच बोंब मारली. आत मात्र सगळा कारभार रोखठोक. संततिनियमनाची साधनं कशी वापरायची, गुप्तरोगांची लक्षणं काय, बाईलाही इच्छा असतात की नाही, धर्माच्या नावाखाली शरीराबद्दल काय काय खोटं सांगितलं जातं, हे सगळं त्यात यायचं. भाषा कोरडी, टोकदार, भूमितीच्या सिद्धतेसारखी.

आणि त्यात असायची वाचकांची प्रश्नोत्तरं. माझ्या मते या मासिकाचा खरा आत्मा तोच! ज्यांना घरात कुणी विचारायला नाही, अशा माणसांनी पोस्टाने प्रश्न पाठवायचे आणि कर्व्यांनी त्यांची न हसता, न रागावता उत्तरं द्यायची. आपण आज इंटरनेटवर गुपचूप जे शोधतो ना, तेच प्रश्न. फरक एवढाच, की तिथे उत्तर देणारा माणूस शुद्धीवर असायचा!

याच प्रश्नोत्तरांनी त्यांना कोर्टात उभं केलं. पहिला खटला १९३१ मध्ये झाला, 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखावरून. शंभर रुपये दंड झाला. दुसरा १९३४ मध्ये, आणि तो तर सरळ वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरच होता. प्रश्न होते हस्तमैथुनाबद्दल आणि समलिंगी संबंधांबद्दल. यात घाबरण्यासारखं, पाप वाटण्यासारखं काही नाही, अशा अर्थाची उत्तरं त्यांनी दिली होती. आणि त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले... डॉ. बाबासाहेब आंबेडकर! लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते आपोआप अश्लील ठरत नाही, लोक विचारतात तर त्यांना शास्त्रीय उत्तर मिळालं पाहिजे, अशी त्यांची बाजू होती. कोर्टाने ती मानली नाही. दोनशे रुपये दंड झाला. कर्वे खटला हरले, पण पुढचा अंक निघाला. बाबासाहेबांनीही विषय सोडला नाही. १९३८ मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला. तोही नामंजूर झाला.

त्या काळात विरोधक कोण कोण होते म्हणाल तर खुद्द महात्मा गांधीसुद्धा. मार्गारेट सँगर १९३५ च्या डिसेंबरमध्ये गांधीजींना भेटायला आल्या, त्या आपल्या शेजारच्या वर्ध्यालाच! साधनं नकोत, संयम हवा, ही गांधीजींची भूमिका शेवटपर्यंत बदलली नाही. कर्व्यांचं म्हणणं नेमकं उलटं होतं. संयमाचा उपदेश हजारो वर्षं झाला, त्याचा निकाल समोर दिसतोच आहे, आता माहिती देऊन बघा!

त्यांचं सगळंच बरोबर होतं असंही नाही. 'चांगली प्रजा' कुणी निर्माण करावी आणि कुणी करू नये, अशा त्या काळच्या सुप्रजननाच्या कल्पनांचा त्यांच्यावरही प्रभाव होता. त्या आज आपल्याला टाकूनच द्याव्या लागतील. शिवाय स्वभाव फटकळ, माणसं जोडण्याची कला जवळपास शून्य. वडिलांनी दारोदार फिरून वर्गणी जमवली आणि संस्था उभी केली. मुलाच्या मागे ना संस्था राहिली, ना इमारत. १४ ऑक्टोबर १९५३ ला ते मुंबईत गेले. नोव्हेंबर १९५३ चा अंक हा 'समाजस्वास्थ्य'चा शेवटचा अंक ठरला. तब्बल सव्वीस वर्षं एकट्याने चालवलेलं मासिक! महर्षी त्यानंतर नऊ वर्षं जगले, १९५८ मध्ये भारतरत्न झाले. मुलाच्या वाट्याला असा कुठलाच सन्मान आला नाही. पण १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, असं करणारा जगातला पहिला देश भारत ठरला, आणि हे पाहायला कर्वे हयात होते, एवढं समाधान. २००१ मध्ये अमोल पालेकरांनी त्यांच्यावर 'ध्यासपर्व' हा सिनेमा काढला. त्यात किशोर कदम कर्वे झाले आहेत. मिळाला तर जरूर बघा.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं झालं जुनं. आपल्याला काय त्याचं?

मी आर्णीची. आपला यवतमाळ जिल्हा कापसासाठी ओळखला जातो, आणि दुर्दैवाने शेतकरी आत्महत्यांसाठीही. ज्या घरात असं झालं त्या घरातली मुलं कुठे जातात? कुणी मामाकडे, कुणी आजीकडे, कुणी बालगृहात. सरकारची बाल संगोपन योजना आहे. अशा मुलाला संस्थेत न ठेवता कुटुंबातच वाढवता यावं म्हणून दर महिन्याला मदत मिळते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यातही दुसऱ्या कुटुंबात मूल सांभाळायला देण्याची, म्हणजे प्रतिपालकत्वाची तरतूद आहे. जेवण, कपडे, फी यांचा हिशेब कागदावर असतो. पण त्या मुलाला वयात येताना शरीराबद्दल कुणी सांगायचं, याचा रकाना कुठल्या फॉर्ममध्ये आहे का?

आपल्याही घरी आईबाप काही फार बोलतात असं नाही. माझी शाळा कॉन्व्हेंटची. तिथे बायोलॉजीतला तो एक चॅप्टर टीचरने घरी वाचायला सांगितला होता, आणि वर्गात त्याचं नावही पुन्हा निघालं नाही. पण आपल्याला निदान एखादी ताई असते, वहिनी असते, मावशी असते. मूग गिळून बसलेल्या घरातही कुणीतरी कानात सांगणारं असतं. जे मूल तीन वर्षांत तीन घरं बदलतं, त्याचं काय? मामी म्हणते आजीने सांगितलं असेल, आजी म्हणते शाळेत सांगितलं असेल, बालगृहातल्या मॅडम म्हणतात घरी सांगितलं असेल. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्किटमधला प्रत्येक जण समजतो की अर्थिंग दुसऱ्याने केलंय. शॉक मात्र त्या मुलालाच बसतो!

आणि या मुलांनाच माहितीची गरज सगळ्यात जास्त असते. ज्याला पाठीशी कुणी नाही, त्याचा गैरफायदा घेणं सोपं, हे बालविधवांच्या काळातही खरं होतं आणि आजही आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या झरी जामणी भागातल्या आदिवासी कुमारी मातांच्या बातम्या वर्षानुवर्षं पेपरात येत आहेत. शरीराच्या अवयवांची खरी नावं, पाळी म्हणजे काय, स्वप्नदोष हा 'दोष' नसतो, कुणाचा स्पर्श नाकारण्याचा हक्क, नाही म्हणजे नाही, निरोध कशासाठी, लागण झाली तर कुठे जायचं... एवढं जरी वेळेवर कळलं तरी एखाद्याचं आयुष्य वाचतं. जे मूल अवयवाचं नाव सांगू शकत नाही, ते आपल्यावर झालेला अत्याचार तरी कसं सांगणार?

असं शिक्षण दिलं की मुलं बिघडतात, हा आक्षेप कर्व्यांच्या वेळी होता तसाच आजही आहे. २००७ मध्ये याच आक्षेपावरून आपल्या राज्यात शाळांमधला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला गेला. वास्तविक जगभरच्या अभ्यासांचा निष्कर्ष असा आहे की नीट, वयाप्रमाणे दिलेल्या माहितीमुळे मुलं लवकर त्या वाटेला जात नाहीत, उलट जपून वागतात. उलट्या बाजूने काही गोष्टी पुढेही सरकल्या आहेत. २०१२ मध्ये पॉक्सो कायदा आला. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते कळवणं बंधनकारक झालं. २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, आणि त्याखाली सरकारी दवाखान्यांत किशोरवयीन मुलामुलींसाठी 'मैत्री' क्लिनिक चालतात. २०१८ मध्ये समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं सुप्रीम कोर्टाने सांगितलं. ज्या उत्तरासाठी कर्व्यांना दंड झाला होता, त्याला चौऱ्याऐंशी वर्षांनी न्याय मिळाला!

हे आपल्या हॉस्टेलपासून लांब आहे असं समजू नका. २०१८ मध्येच राज्य सरकारने अनाथ मुलांसाठी शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण दिलं. म्हणजे बालगृहातून, कुणाच्या तरी घरातून वाढलेली मुलं आता इंजिनीअरिंगलाही येणार, येतातही. सुट्ट्या लागल्या की आपण सगळे बॅगा भरून पळतो, आणि मेसच्या टेबलावर एखादाच मुलगा उरतो, तो का उरतो हे आपण कधी विचारतो का? अठरा पूर्ण झाली की बालगृह सुटतं. आणि मग हॉस्टेलची रूम, हातात मोबाईल, आणि रात्री बारानंतरचं 'ज्ञान' देणारे सीनियर्स. आपण त्याला जे सांगू, तेच त्याचं शिक्षण! चेष्टेत सांगितलेली एखादी भंकस तो खरी धरून चालला तर?

तेव्हा वॉर्डन सर-मॅडमना माझी एक विनंती आहे. दर वर्षी रॅगिंगविरोधी भाषण होतं, ते हवंच. त्याच्या जोडीला वर्षातून एकदा सरकारी दवाखान्यातले डॉक्टर किंवा समुपदेशक बोलवा. मुलींसाठी वेगळं आणि मुलांसाठी वेगळं, आणि शेवटी एक डबा ठेवा. नाव न लिहिता चिठ्ठीवर प्रश्न टाकायचा. 'समाजस्वास्थ्य' याहून वेगळं काय होतं? गावातल्या एखाद्या बालगृहातही हाच कार्यक्रम होऊ शकतो, एनएसएसवाल्यांनी मनावर घ्यावं. आणि ज्याला लहान मुलाबद्दल काही वावगं दिसलं, त्याने १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर लक्षात ठेवावा. तो फुकट लागतो आणि चोवीस तास चालतो.

गणितात एक साधा नियम आहे. अज्ञाताला आधी नाव द्यावं लागतं, 'समजा क्ष'. नाव दिल्याशिवाय समीकरण मांडताच येत नाही. आपल्या समाजाने ज्या गोष्टीला नावच द्यायचं नाकारलं होतं, तिला त्या गणिताच्या प्राध्यापकाने मराठीत नाव दिलं आणि समीकरण मांडलं. त्याची किंमत नोकरी, दंड, बदनामी अशी चुकती केली. बाकीचं गणित अजून सुटायचं आहे आणि ते आपल्याच पेपरात आलेलं आहे.

र. धों. कर्व्यांना मनापासून सलाम!